बॅडलँड्स (साउथ डकोटा): निसर्गचित्रं आणि प्राणी एकाच सकाळी जमतात का?

गारगोटी

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बॅडलँड्स नॅशनल पार्कात पूर्ण तीन दिवस फक्त फोटोंसाठी ठेवले आहेत. नकाशा, सूर्याचे कोन आणि रस्ते अभ्यासून माझं मत असं झालंय की तिथे निसर्गचित्रं आणि प्राणी एकाच सकाळी होत नाहीत. दिवस वाटूनच घ्यावेत.

कारण साधं आहे. पहाटेचे नावाजलेले सुळके पूर्व टोकाला, म्हणजे बिग बॅडलँड्स ओव्हरलुक (ओव्हरलुक म्हणजे दरी बघायची उंच जागा) आणि डोअर ट्रेल या पायवाटेच्या बाजूला. बायसन (अमेरिकी रानगवे) आणि प्रेअरी डॉगची (बिळात राहणाऱ्या खारीच्या जातीच्या प्राण्यांची) मोठी वसाहत पश्चिमेला, सेज क्रीक रिम रोडवर. मध्ये पाऊण तास ते तासाभराचा रस्ता, आणि कोवळं ऊन जेमतेम तासभर टिकतं. पश्चिमेला पोचेपर्यंत ऊन पांढरं पडलेलं असणार.

सामान: एक बॉडी, १६-३५, २४-७०, १००-४००, ट्रायपॉड. तीन प्रश्न आहेत. दिवस वाटून घ्यावेत का? तीनपैकी कोणती लेन्स मागे ठेवावी? आणि तिथल्या मातीचा कॅमेऱ्याला कितपत त्रास होतो?

माळढोक

गारगोटीताई, सगळ्यात आधी घड्याळ. पार्क माउंटन टाइममध्ये आहे आणि साउथ डकोटाचा पूर्वेकडचा भाग सेंट्रलमध्ये. आय-९० वरून पूर्वेकडून येणाऱ्यांचा इथे एक तासाचा घोळ होतो. सूर्योदय बघायच्या ॲपमध्ये पार्कला लागून असलेलं 'इंटीरियर' हे गाव टाका. तुमच्या आठवड्यात सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही साधारण पावणेसातला. जूनमध्ये जाणाऱ्याला सकाळी ५:१० आणि रात्री ८:३० अशा वेळा सांभाळाव्या लागतात, त्यामानाने सप्टेंबर फार दयाळू.

आता मूळ मुद्दा. तुमची मांडणी बरोबर आहे, निष्कर्ष नाही. प्राणी फक्त पश्चिमेला असतात हे गृहीतक सोडा. बिगहॉर्न मेंढ्या पश्चिमेच्या पिनॅकल्स ओव्हरलुकच्या कड्यांवर दिसतात, तशा पूर्वेच्या सीडर पासच्या बाजूलाही दिसतात. म्यूल हरणं आणि प्राँगहॉर्न (हरणासारखा प्राणी) लूप रोडच्या, म्हणजे पार्कातून जाणाऱ्या मुख्य डांबरी रस्त्याच्या, दोन्ही अंगांना असतात. बायसनचं कुरणही २०१९ मध्ये पूर्वेकडे वाढवलं आहे, त्यामुळे लूप रोडच्या पश्चिम भागातून कळप दिसण्याची शक्यता वाढली.

दिवस नका वाटू, टोकं वाटा. एक सकाळ पूर्वेला, दोन सकाळी पश्चिमेला. पश्चिमेला पिनॅकल्सवर सूर्योदय केलात तर प्रेअरी डॉगची वसाहत तिथून पाचेक मैलांवर आहे. ऊन पांढरं व्हायच्या आत आरामात पोचता.

उंबर

+१. पिनॅकल्सला सूर्योदय कमी लेखला जातो, कारण बहुतेक जण तिथे संध्याकाळी जातात.

सावली_आणि_ऊन

लेन्सच्या प्रश्नाला माझं उत्तर: १६-३५ गाडीत राहू द्या. बॅडलँड्समध्ये पहिल्यांदा गेलेल्याची सगळ्यात मोठी चूक म्हणजे ओव्हरलुकवर उभं राहून रुंद लेन्सने 'सगळं' टिपणं. समोर मैलोन् मैल पसरलेले सुळके फोटोत बारीक दातांच्या फणीसारखे दिसतात, वर अर्धी चौकट रिकामं आभाळ. ७० च्या पुढे जा. १०० ते २०० मिमीला एकामागे एक उभ्या रांगा जवळ येतात, आणि तिरक्या उन्हात एक रांग उजेडात, पुढची सावलीत, परत एक उजेडात असा खेळ दिसतो. तुमची १००-४०० प्राण्यांची म्हणून घेताय, पण निसर्गचित्रंही निम्मी तिच्यावरच होतील.

पट्ट्यांकडे नीट बघा. ब्रूल नावाच्या खडकथरातले तांबूस पट्टे म्हणजे जुन्या काळची माती आहे, एकेका थरावर कधीकाळी झाडोरा होता. हे पट्टे मैलभर लांबच्या सुळक्यांवरही एकाच उंचीवर जुळतात. कॅमेरा किंचितही तिरका असेल तर डोळ्याला लगेच खुपतं. व्ह्यूफाइंडरमधली लेव्हल चालू ठेवाच.

काजवा

सावली, १६-३५ गाडीत ठेवायला विरोध! दिवसा ठेवा, रात्री काढा. तिथलं आभाळ खरोखर काळं आहे. सप्टेंबरअखेर साडेआठपर्यंत पूर्ण अंधार होतो आणि आकाशगंगेचा मध्यभाग नैऋत्येला, क्षितिजापासून फार तर दहा-बारा अंशांवर असतो. दहाच्या सुमारास तो मावळतो. म्हणजे हातात जेमतेम सव्वा-दीड तास. पट्टा त्या वेळी जवळपास उभा असतो, त्यामुळे चौकट उभी धरा. दक्षिण-नैऋत्य मोकळी असलेली जागा दिवसाउजेडी हेरून ठेवा. कोनाटा बेसिन किंवा बिगफूट पास ओव्हरलुक चालतील. पश्चिमेला क्षितिजावर पिवळट उजेड दिसला तर तो रॅपिड सिटीचा.

एफ/२.८, आयएसओ ३२०० ते ६४००, १६ मिमीला २० सेकंद. ५०० भागिले फोकल लेंग्थ हा जुना हिशोब ३१ सेकंद सांगतो, पण ४० मेगापिक्सेलच्या सेन्सरवर तेवढ्यात तारे रेघा होतात. जमिनीसाठी वेगळं एक्स्पोजर ब्लू अवरमध्येच (सूर्यास्तानंतरच्या निळसर संधिप्रकाशात) घेऊन ठेवा आणि त्यानंतर ट्रायपॉड हलवू नका. टॉर्चने सुळके रंगवू नका. ते चपटे दिसतात आणि शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्याचा फोटो जातो.

तांबडमाती

मातीबद्दल. इथली माती म्हणजे मुख्यतः ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली चिकणमाती. त्यात बेंटोनाइट असतं, ते पाणी पिऊन फुगतं. सुकल्यावर पृष्ठभाग लाह्यांसारखा फुलतो, पाय ठेवला की कुरकुर आवाज करत खाली बसतो. हे कोरडं असताना. ओलं झालं की तीच माती साबणासारखी निसरडी होते आणि बुटाच्या तळाला चिकटून प्रत्येक पावलाला थर वाढवत नेते. दहा पावलांत बूट विटेएवढे जड होतात. सॅडल पासचा चढ पाऊस पडून गेल्यावर करूच नये. सेज क्रीक रिम रोड खडीचा आहे, ओला असेल तर साध्या गाडीने हळू आणि जपून, आणि कडेच्या मातीत चाक उतरवू नका.

कॅमेऱ्यासाठी:

ट्रायपॉडचा सगळ्यात खालचा भाग दोन-तीन इंच तरी बाहेर काढा, म्हणजे त्याचं लॉक मातीत बुडणार नाही. पिळाच्या लॉकमध्ये ही माती गेली आणि सुकली की ते फिरत नाही. रात्री खालचा भाग पूर्ण काढून पाण्याने धुवा, सुकवा, मगच आत ढकला.

लेन्सवर धूळ बसली तर कापड लावू नका. राखेत काचेचे सूक्ष्म कण असतात, घासलं की कोटिंगवर ओरखडे. आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, कापड सगळ्यात शेवटी.

एकच बॉडी असल्यामुळे लेन्स बदलावी लागणारच. ती बंद गाडीत, एसीचा पंखा थांबवून, बॉडीचं तोंड खाली करून बदला. ओव्हरलुकवर वारा जवळपास कायम असतो, तिथे नाही.

गारगोटी

तांबडमाती, हे लॉकचं ठाऊक नव्हतं, फार उपयोगी. मग पाऊस आला तर दिवस फुकट गेला असं धरायचं का?

तांबडमाती

उलट! पाऊस थांबल्यावरचे पहिले काही तास सोन्यासारखे. ओल्या मातीचे रंग दोन पायऱ्या गडद होतात. फिकट राखाडी सुळका निळसर, गुलाबी पट्टा विटकरी. डांबरी रस्त्यावरच्या ओव्हरलुकवरून काम करा, उतारावर पाऊल टाकू नका. पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) याच वेळी लावा, ओल्या पृष्ठभागावरची चकाकी जाते. इतर वेळी रुंद लेन्सवर पोलरायझर लावला तर आभाळाचा एक कोपरा काळानिळा आणि दुसरा फिकट, अशी चौकट मिळते.

खडकू

यलो माउंड्सबद्दल कोणीच बोललं नाही. लूप रोडच्या पश्चिम भागात रस्त्याला लागून आहेत, पिवळ्याजर्द टेकड्या आणि वर लालसर टोप्या. खालचा काळा पिअर शेल म्हणजे समुद्रतळाचा चिखल. समुद्र हटल्यावर तो उघडा पडला, त्यावर माती तयार झाली आणि हा पिवळा रंग आला. वरचा लाल थर त्यानंतरच्या काळातला.

इथे लोक संध्याकाळच्या सोनेरी उन्हात जातात आणि फोटो नारिंगी होतो. त्या उन्हात पिवळा, गुलाबी आणि फिकट जांभळट हे तिन्ही एकाच रंगात मिसळून जातात. ढगाळ दुपार किंवा सूर्य मावळल्यानंतरची दहा मिनिटं घ्या, तिन्ही वेगळे उमटतात. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, कॅमेरा सगळं पिवळं बघून निळं ढकलतो. ५५०० केल्विनच्या आसपास कायम ठेवा आणि रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढा.

सावली_आणि_ऊन

खडकूंशी अर्धा सहमत. सपाट उजेडात रंग वेगळे उमटतात हे खरं, पण टेकड्यांचा गोलावा मरतो. पातळ ढगातून येणारं तिरकं ऊन मिळालं तर दोन्ही साधतं. आणि एडिटिंगमध्ये सॅच्युरेशन ओढण्याचा मोह टाळावा. या टेकड्या मुळातच इतक्या पिवळ्या आहेत की थोडं ओढलं तरी प्लास्टिक वाटतं.

पाणकोंबडी

एक्स्पोजरचं सांगते, कारण या पार्कात मीटर दोन्हीकडून फसतो. फिकट मातीने चौकट भरली की कॅमेरा ती करडी करायला बघतो आणि फोटो अंधारा येतो. एक्स्पोजर +२/३ ते +१ स्टॉप वाढवा आणि हिस्टोग्रामचं (उजेडाच्या आलेखाचं) उजवं टोक कापलं जात नाही ना ते बघा. बायसनने चौकट भरली की उलट. गडद तपकिरी लोकर बघून कॅमेरा उजेड वाढवतो आणि पाठीवरचं ऊन पांढरं फटक होतं, तिथे -२/३. फिकट कड्यासमोर बायसन असेल तर मॅन्युअलवर जा. मातीवर मोजा, आणि बायसनच्या सावल्या रॉ मधून नंतर उचला. डोळ्यात उन्हाचा ठिपका आला तरच तो डोळा दिसतो, नाहीतर लोकरीत हरवतो. त्यासाठी सूर्य तुमच्या पाठीमागे, थोडा एका बाजूला हवा.

माळढोक

पाणकोंबडीताईंनी बायसनचा विषय काढलाच आहे तर अंतराचं बोलू. निदान शंभर यार्ड. ४०० मिमीला तेवढ्या अंतरावरून बायसन त्याच्या माळासकट छान बसतो, आणि या जागेचं खरं चित्र तेच आहे. नुसतं डोकं कुठेही काढता येतं. शेपटी उभी झाली, पायाने माती उकरायला लागला, डोकं झटकलं, तर तुम्ही आधीच जास्त जवळ आहात. तो ताशी ३५ मैलांनी धावू शकतो. गाडी हीच तुमची लपण. सेज क्रीकच्या कॅम्पग्राउंडमध्ये बायसन तंबूंच्या मधून चरत जातात. तिथे उठून कॅमेरा घेऊन मागे जाऊ नका, आहात तिथे थांबा किंवा गाडीत बसा. त्या कॅम्पग्राउंडवर पिण्याचं पाणी नाही, हेही लक्षात ठेवा.

१९६३ मध्ये बायसन इथे परत आणले, त्याच्या पुढच्या वर्षी बिगहॉर्न. इथल्या मूळ मेंढ्यांची जात त्याआधीच संपली होती. आज कड्यावर जो कळप उभा दिसतो तो परत आणलेल्या मेंढ्यांचा वंश आहे.

फुलपाखरू२२

गाडीतून फोटो काढताना इंजिन बंद, हे सगळे सांगतात. पण फोटो तरीही मऊ येतात आणि लोक लेन्सला दोष देतात. थंड सकाळी गाडीत हीटर लावून बसायचं आणि प्राणी दिसला की काच खाली करायची, हे त्याचं कारण. आतली गरम हवा खिडकीतून बाहेर पडताना लेन्ससमोरच थरथरते. प्राण्यांच्या भागात शिरायच्या दहा मिनिटं आधीच हीटर बंद करा, काचा उतरवा, जॅकेट घाला. दारावर तांदळाची पिशवी ठेवून लेन्स तिच्यावर टेकवा.

आणि दहानंतर लांबच्या प्राण्यांचा नाद सोडा. माळावरची हवा तापली की दोनशे यार्डांवरचं काहीही पाण्याखालून बघितल्यासारखं येतं. कितीही महाग लेन्स असली तरी.

चिमणराव_नाही

प्रेअरी डॉगसाठी कोणी टीप देईल का? फोटो येतात ते सगळे 'मातीचा ढीग आणि वर एक बटाटा'.

पाणकोंबडी

😄 बटाटा येतो कारण आपण उभ्याने वरून खाली बघत काढतो. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीला आणा. मात्र बिळाजवळ जमिनीवर आडवं पडू नका. त्यांच्यावरच्या पिसवांतून प्लेग पसरतो, २००८ मध्ये शेजारच्या कोनाटा बेसिनमधल्या वसाहतींना त्याने मोठा तडाखा दिला होता. रस्त्याच्या कडेला ट्रायपॉड सगळ्यात खाली पसरा, स्क्रीन उलगडा आणि उकिडवं बसून काढा.

खरी गंमत त्याच्या उडीची. मागच्या पायांवर उभा राहतो, पुढचे दोन्ही हात वर फेकतो, मान मागे टाकतो आणि 'यिप्' करून ओरडतो. कधीकधी तोल जाऊन मागे पडतो. ही उडी जांभईसारखी संसर्गजन्य आहे. एकाने मारली की शेजारचे मारतात. म्हणून पहिल्याच्या मागे कॅमेरा फिरवू नका, तो तुम्हाला मिळणार नाही. शेजारच्या बिळावर ताठ बसलेल्यावर आधीच फोकस धरून ठेवा, १/१६०० सेकंद, बर्स्ट. डोक्यावर जागा सोडा, हात चौकटीबाहेर जातात.

उंबर

सूर्यनमस्कारातलं दुसरं आसनच म्हणा की!

काजवा

त्याच वसाहतीत बिळात राहणारी छोटी घुबडं उन्हाळ्यात दिसतात, पण सप्टेंबरअखेर बरीच दक्षिणेला निघून गेलेली असतात. काळ्या पायांचं फेरेट (प्रेअरी डॉगवर जगणारा मुंगसासारखा लांबट प्राणी) १९९४ पासून इथे परत सोडलंय, ते रात्रीचं. टॉर्च मारून त्याला शोधायला जाऊ नका. अतिशय दुर्मीळ प्राणी आहे, त्याला त्याच्या शिकारीवर राहू द्या.

नवा_सदस्य_७

ड्रोनने वरून यलो माउंड्स काढले तर?

माळढोक

नाही. नॅशनल पार्कांत ड्रोनला २०१४ पासून बंदी आहे.

खडकू

पण चालत मात्र कुठेही जाता येतं, हे अनेकांना माहीत नसतं. या पार्कात पायवाट सोडून फिरायला परवानगी आहे. डोअर ट्रेलचा पहिला पाव मैल लाकडी फळ्यांचा, पुढे पिवळे खांब. सूर्योदयाच्या आधी अर्धा तास त्या खांबांपर्यंत पोचलात तर समोर उघडं रान मिळतं. परतीची दिशा जीपीएसवर खूण करून ठेवा; सगळ्या घळी आत शिरल्यावर सारख्या दिसतात. फळ्यांच्या खालच्या सावलीत आणि सकाळच्या उन्हातल्या खडकावर रॅटलस्नेक असतात, ट्रायपॉड टेकवायच्या आधी जागा बघा. हात कधीही न दिसणाऱ्या कपारीत घालू नका.

आणि जमिनीत हाड किंवा दात दिसला तर उचलायचा नाही, जागचा हलवायचाही नाही. फोटो काढा, शेजारी लेन्सची टोपी ठेवून मापाचा अंदाज द्या, दुसरा फोटो मागच्या सुळक्यांसकट घ्या, जीपीएस नोंदवा आणि बेन रायफल व्हिजिटर सेंटरला कळवा. २०१० मध्ये एका सात वर्षांच्या मुलीला व्हिजिटर सेंटरजवळच लांब सुळेदात असलेल्या, मांजरासारख्या दिसणाऱ्या नामशेष प्राण्याची कवटी दिसली आणि तिने ती कळवली. हे सुळके वर्षाला सुमारे इंचभर झिजतात, त्यामुळे नवीन काहीतरी सतत उघडं पडत असतं. जिथलं तिथे राहिलं तरच ते कोणत्या थरातलं हे कळतं.

फुलपाखरू२२

खडकू, इंचभर! म्हणजे दहा वर्षांपूर्वीचा फोटो समोर धरला तर टोकं जुळणार नाहीत. तोच ओव्हरलुक, तीच फोकल लेंग्थ, दर काही वर्षांनी, असं कोणी करत असेल तर त्याचा वेगळा धागा काढा, मी पहिली वाचक.

सावली_आणि_ऊन

त्यासाठी रेलिंगचा खांब क्रमांक, कॅमेऱ्याची उंची आणि तारीख, तिन्ही लिहून ठेवावं लागेल. तारीख यासाठी की सूर्याचा कोन तोच हवा, नाहीतर झीज आणि सावली यातला फरक कळणार नाही.

गारगोटी

सगळ्यांचं वाचून बेत असा बदलला आहे. पहिली सकाळ डोअर ट्रेल. दुसरी आणि तिसरी सकाळ पिनॅकल्स, मग ताबडतोब सेज क्रीक रिम रोड. संध्याकाळ कोनाटा बेसिन, एक रात्र आकाशगंगा. १६-३५ फक्त रात्रीसाठी. आता वाटतंय मागे ठेवायची ती २४-७०.

सावली_आणि_ऊन

२४-७० ठेवू नका हो! डोअर ट्रेलच्या पुढे, सुळक्यांच्या आत शिरल्यावर तीच लागते. तिथे १०० मिमीला फक्त भिंत दिसते. तिन्ही न्या. वजन गाडीत आहे, खांद्यावर नाही. खांद्यावर एका वेळी दोनच.

माळढोक

बेत चांगला आहे, एकच बदल. तिसऱ्या सकाळी पिनॅकल्सला थांबूच नका. अंधारातच रिम रोडवर जा आणि सेज क्रीक बेसिन ओव्हरलुकला सूर्योदय घ्या. त्या आठवड्यात ओढ्याकाठची कॉटनवुडची झाडं पिवळी पडायला लागलेली असतात, गवत आधीच सोनेरी झालेलं असतं. खाली माळावर बायसन असतील तर १००-४०० ला २०० च्या आसपास ठेवा, पाठीमागून येणाऱ्या उन्हात त्यांच्या नाकातली वाफ आणि गवताची टोकं एकदम उजळतात. एफ/८, १/५००, आयएसओ हवा तेवढा चढू द्या. सुळके, माळ आणि प्राणी एकाच चौकटीत. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथे उभं असेल.

गारगोटी

ठरलं. अंधारात त्या खडीच्या रस्त्यावर वेग किती धरू?

माळढोक

२५ च्या वर नाही. काळा बायसन काळ्या रात्री रस्त्यावर उभा असला तर हेडलाइटमध्ये फार उशिरा दिसतो. हरणासारखे त्याचे डोळे लांबून चमकतील या भरवशावर राहू नका, डोकं खाली घालून चरत असतो. वीस मिनिटं जास्त धरून निघा.